एकच गळा, दोन तबकड्या



या सदरात आपण नेहमी बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी बोलतो. आज थोडे निराळे बोलणार आहे. विषय गाण्याचा आहे, आणि गाणेही सातासमुद्रापलीकडचे. तरी कंटाळू नये. ज्यांच्या घरात गाणारे, चित्रे काढणारे किंवा कुस्ती खेळणारे मूल आहे, त्यांनी तर जरूर वाचावे.

सुरुवात मात्र शेतापासूनच करू. पडीक रान मोडून पहिल्या वर्षी पेरले की पीक जोमदार येते, हे आपण पाहिलेले आहे. त्याचे कारणही सरळ आहे. वर्षानुवर्षे गवत, पालापाचोळा, मुळ्या कुजून जमिनीत जे साठलेले असते, ते नांगरट झाल्यावर पिकाला एकदम मिळते. शेतकरी खूश होतो. पुढे दोन-चार वर्षांत तो साठा ओसरू लागतो. मग शेणखत, फेरपालट, खुरपणी, पाणी हे सगळे वेळच्या वेळी करणाऱ्याचेच रान पिकते. गायकाचेही असेच आहे. पहिल्या ध्वनिमुद्रिकेत लहानपणापासून साठलेले सगळे एकदम बाहेर येते. दुसरीत काय आले, यावरून मधल्या काळात त्या गळ्याची मशागत कशी झाली ते कळते.

अमेरिकेत अरीथा फ्रँकलिन नावाच्या एक थोर गायिका होऊन गेल्या. जन्म २५ मार्च १९४२ चा, मृत्यू १६ ऑगस्ट २०१८ चा. त्यांच्या इतर गाण्यांच्या तबकड्या पुष्कळ निघाल्या. भक्तिगीतांची पहिली तबकडी मात्र १९५६ ची आणि दुसरी थेट १९७२ ची. पहिलीच्या वेळी वय चौदा, दुसरीच्या वेळी एकोणतीस. गळा तोच, देव तोच, त्यात दोन गाणीसुद्धा तीच. मग दोहोंत फरक कशाने पडला, एवढेच आज पाहावयाचे आहे.

कापसाच्या रानातले गाणे

या भक्तिगीतांना तिकडे ‘गॉस्पेल’ म्हणतात. गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान. ती गाणारी मंडळी मुख्यतः अमेरिकेतील काळे लोक. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण दक्षिणेकडील कापूस पिकविणाऱ्या राज्यांत बहुतेकांच्या नावावर जमीन काही झाली नाही. मालकाची जमीन वाट्याने करावयाची, बियाणे आणि घरखर्चाचे सामान मालकाकडूनच उधारीवर घ्यावयाचे, आणि वेचणी झाल्यावर हिशेबाला बसले की हाती काही उरावयाचे नाही, उलट देणेच निघावयाचे. ही रीत आपल्या वाचकांना अधिक फोड करून सांगावयाची गरज नाही.

मिसिसिपी राज्यातील सनफ्लॉवर परगण्यात १९१५ साली अशाच कष्टकरी घरात क्लॅरेन्स फ्रँकलिन यांचा जन्म झाला. पोरवयात ते कापसाच्या रानात राबले. पुढे बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले आणि १९४६ साली उत्तरेकडच्या डेट्रॉइट शहरात न्यू बेथेल चर्चचे पाळक म्हणून गेले. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. दक्षिणेतील शेती सोडून आलेली काळी कुटुंबे तेथे हजारोंनी वस्तीला होती. रविवारी ती सारी चर्चमध्ये जमत. फ्रँकलिन यांचे प्रवचन म्हणजे बोलता बोलता गाण्यात शिरणारे प्रवचन. आपल्याकडील चांगल्या कीर्तनकाराची आठवण व्हावी असे. त्यांच्या प्रवचनांच्या तबकड्याही देशभर खपत. अरीथा ही त्यांची मुलगी.

गॉस्पेल गाण्याची रीत आपल्याला परकी वाटणार नाही. बुवांनी ओळ म्हणावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलावी, बुवा रंगले की मंडळींनीही रंगावे, तसाच हा प्रकार आहे. रानात काम करताना एकाने ओळ म्हणावयाची आणि बाकीच्यांनी साथ द्यावयाची, ही सवय त्यांच्या देवळात गेली. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आया-आज्यांना हे न सांगता कळले असते. आपल्या भाषेतही रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजने रचली ती अभंग-ओवीच्या वळणाने. देव कोणताही असो, माणूस आपल्या मातीतल्या चालीवरच त्याला हाक मारतो.

पहिली तबकडी : १९५६

डेट्रॉइटच्या हेस्टिंग्ज रस्त्यावर जो फॉन बॅटल नावाच्या गृहस्थांचे तबकड्यांचे दुकान होते. फ्रँकलिन यांची प्रवचने ध्वनिमुद्रित करणारे तेच. त्यांनीच १९५६ साली न्यू बेथेल चर्चमध्ये मंडळींसमोर गाणाऱ्या अरीथाचा आवाज टिपून घेतला आणि आपल्या ‘जेव्हीबी’ या छापाखाली तबकडी काढली. नाव ‘साँग्ज ऑफ फेथ’, म्हणजे श्रद्धेची गाणी.

ही तबकडी आज ऐकताना पहिल्यांदा कानाला खरखर लागते. ध्वनिमुद्रण अगदी साधे आहे. पियानो मुलगी स्वतःच वाजविते. वडिलांनी शिक्षक ठेवला तेव्हा ती लपून बसे. जे शिकली ते ऐकून ऐकून. गाणे सुरू झाले की मागून मंडळींचे हुंकार, टाळ्या आणि आरोळ्या ऐकू येतात. त्या गर्दीच्या वरून तिचा आवाज चढतो आणि कोठेही चिरकत नाही. हे पोर चौदा वर्षांचे आहे यावर विश्वास बसत नाही.

तरीही नीट ऐकले की वय कळते. क्लॅरा वॉर्ड या त्या काळच्या नामांकित गॉस्पेल गायिका त्यांच्या घरी येत-जात. एका नातलगाच्या अंत्यविधीत त्यांचे गाणे ऐकूनच आपण गायिका व्हावे असे वाटले, हे अरीथाबाईंनी पुढे स्वतः सांगितले आहे. पहिल्या तबकडीत क्लॅरा वॉर्ड यांचे वळण जागोजागी दिसते. हा दोष म्हणून सांगत नाही. रोप आधी आधाराच्या काठीलाच धरून वाढते. दुसरे असे की, मुलीपाशी जे आहे ते ती लगेच सगळे देऊन टाकते. थांबणे, राखून ठेवणे, दुसऱ्याला जागा देणे हे तिला अजून यावयाचे आहे.

मधली सोळा वर्षे

वयाच्या अठराव्या वर्षी, १९६० साली, अरीथाबाई कोलंबिया या मोठ्या कंपनीकडे गेल्या आणि देवळाबाहेरची गाणी गाऊ लागल्या. त्यांच्या समाजात याला पुष्कळांचा विरोध असे. देवाने दिलेला गळा बाजारात नेला, असे लोक म्हणत. वडिलांचा मात्र पाठिंबा होता. कोलंबियाकडे पाच-सहा वर्षे गेली, तबकड्याही निघाल्या, पण म्हणावे तसे यश आले नाही. आवाज चांगला, पण त्याला कोणते गाणे मानवते हेच कोणाला नीट उमगेना. चांगले वाण चुकीच्या जमिनीत लावल्यासारखे झाले. मग त्या अटलांटिक कंपनीकडे गेल्या. तेथे त्यांना पियानोवर बसवून, चर्चमध्ये गात तसे मोकळे गाऊ दिले गेले. १९६७ साली ‘रिस्पेक्ट’ हे गाणे गाजले आणि अरीथा फ्रँकलिन हे नाव अमेरिकेत घरोघरी पोहोचले. वाण तेच होते, जमीन आता मिळाली.

नाव आणि पैसा दोन्ही असताना १९७२ च्या आरंभी त्यांनी भक्तिगीतांची तबकडी करावयाचे ठरविले. तीही बंद खोलीत नको, चर्चमध्ये, मंडळींसमोर.

दुसरी तबकडी : १९७२

१३ आणि १४ जानेवारी १९७२, अशा दोन रात्री हे ध्वनिमुद्रण झाले. जागा लॉस एंजेलिस शहराच्या वॉट्स भागातील न्यू टेंपल मिशनरी बाप्टिस्ट चर्च. ही इमारत पूर्वी चित्रपटगृह होती. वस्ती गरिबांची. तबकडीचे नाव ‘अमेझिंग ग्रेस’, म्हणजे विस्मयकारक कृपा.

या वेळची तयारी पाहण्यासारखी आहे. सूत्रे रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड यांच्या हाती. हे क्लीव्हलंड पूर्वी न्यू बेथेल चर्चमध्ये संगीताचे काम पाहत आणि लहान अरीथाला पियानोवरचे सूर दाखवीत. म्हणजे लहानपणचेच गुरू. त्यांच्या सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर या समूहाची साथ, आणि समूहाला हाताखाली धरून चालविणारे अलेक्झांडर हॅमिल्टन. वाद्यांवर अरीथाबाईंच्या नेहमीच्या ताफ्यातील कसलेले वादक : गिटारवर कॉर्नेल डुप्री, बास गिटारवर चक रेनी, ढोलांवर बर्नार्ड पर्डी. आधी तालमी झाल्या आणि मगच दारे उघडली.

आता दोन्ही तबकड्यांवर असलेली दोन गाणी घेऊ. एकाच वाणाची दोन हंगामांतील पिके शेजारी ठेवून पाहावीत, तसे.

पहिले गाणे ‘प्रेशस लॉर्ड’. हे टॉमस डॉर्सी यांनी १९३२ साली रचले. ते परगावी गायला गेले असताना त्यांची पत्नी बाळंतपणात गेली आणि पाठोपाठ नवजात मूलही गेले. त्या दुःखात देवाने हात धरावा म्हणून केलेली ही विनवणी. चौदा वर्षांची अरीथा ती म्हणते तेव्हा मूल आईचा पदर धरून ओढते तशी म्हणते. त्यात हट्ट आहे, आणि तो खरा आहे. १९७२ मध्ये त्या विनवणीला त्यांनी कॅरोल किंग यांच्या १९७१ मध्ये गाजलेल्या मैत्रीवरच्या एका गाण्याची जोड दिली. हे दुसरे गाणे बाजारातले, साध्या मैत्रीचे. अरीथाबाईंनी दोन्ही एकात एक गुंफली आणि मित्र म्हणजे देव असा अर्थ लागू लागला. जुन्या रायवळ खुंटावर नवे कलम बांधावे तसे हे काम आहे. कलम बांधावयाचे तर खुंट आणि फांदी दोन्हींची पारख लागते. चौदाव्या वर्षी ती नव्हती. बाजारात घालविलेली वर्षे येथे उपयोगी पडली.

दुसरे गाणे ‘नेव्हर ग्रो ओल्ड’. जेथे कोणी म्हातारे होत नाही अशा देशाचे हे गाणे. १९५६ च्या तबकडीवर मुलगी ते एका दमात, सरळ रेषेत म्हणते. १९७२ मध्ये ते दहा मिनिटांच्या आसपास चालते. अरीथाबाई पुन्हा पियानोवर बसलेल्या. एक शब्द घेतात, त्यावर थांबतात, तो वळवून पाहतात, मंडळींना उत्तराला जागा देतात आणि मग पुढे जातात. घाई कसलीच नाही. त्या रात्री वडील आणि क्लॅरा वॉर्ड दोघेही समोर बसलेले होते. गाणे चालू असताना वडील उठून आले आणि त्यांनी मुलीच्या चेहऱ्यावरचा घाम पुसला. हे चित्रफितीत दिसते.

शीर्षकगीताविषयीही थोडे सांगतो. ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द जॉन न्यूटन या इंग्रज गृहस्थाचे. तो तरुणपणी गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजावर कप्तान होता, पुढे धर्मोपदेशक झाला. गुलामांच्या वंशजांनी ते गाणे आपले करून टाकले. अरीथाबाई ते दहा मिनिटांहून जास्त वेळ गातात, जवळजवळ तालाशिवाय, आपल्याकडे आलाप चालावा तसे. एकेका अक्षरावर आवाज चढतो, उतरतो, फिरून येतो. पियानोवर बसलेल्या क्लीव्हलंड यांना रडू आवरले नाही. ते बाजूला जाऊन रुमालात तोंड झाकून बसले. ज्यांनी तिला लहानपणी सूर दाखविले त्यांनाच ते झेपले नाही.

आणखी एक गोष्ट ऐकताना ध्यानात घ्यावी. दोन्ही रात्री अरीथाबाई गाण्यांच्या मध्ये फारसे बोलत नाहीत. बोलतात क्लीव्हलंड. पुष्कळ ठिकाणी समूह पुढे आणि त्या मागे. पहिल्या तबकडीवर सगळा भार एका मुलीच्या छातीवर होता. दुसरीवर तो पन्नास खांद्यांनी उचललेला आहे, आणि म्हणून मधला आवाज हवा तेव्हा हलका होऊ शकतो.

ही दुहेरी तबकडी जून १९७२ मध्ये बाजारात आली. अमेरिकेत तिच्या वीस लाखांवर प्रती खपल्या. १९७३ साली तिला गॉस्पेल गायनाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. एवढे दिवस बाजारातली गाणी गाणाऱ्या बाईची सर्वांत गाजलेली तबकडी कोणती, तर देवळातली.

दुःखाने गळा पिकतो काय?

आता मूळ मुद्द्यावर येतो. दोन तबकड्यांमधला फरक कशाने पडला, असे विचारले की लोक चटकन म्हणतात, “दुःख भोगले हो बाईने. दुःखाशिवाय गाण्यात रस येत नाही.”

हे वाक्य मी आपल्याकडेही फार ऐकतो. मागे एका गावी पीक-प्रात्यक्षिक आटोपल्यावर मंडळी पारावर बसली होती. गावातील एका मुलीचा विषय निघाला. आई नाही, शाळा सातवीत सुटलेली, पण भजनात उभी राहिली की सगळे गाव स्तब्ध. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “साहेब, देवाने एका हाताने नेलं आणि दुसऱ्या हाताने दिलं. हाल झाले म्हणून तर गळा असा झाला.” चारजणांनी माना डोलावल्या. तिची शाळा पुन्हा सुरू करावी, तिला कोणी पेटी शिकवावी, हे मात्र कोणाच्या बोलण्यात आले नाही. हाल हीच तिची शिकवणी, असे जणू ठरूनच गेले होते.

म्हणून अरीथाबाईंचा हिशेब नीट मांडून पाहू. आई-वडील वेगळे झाले तेव्हा ती सहा वर्षांची होती. मार्च १९५२ मध्ये आई वारली. मुलीला दहावे वर्षही पुरे व्हावयाचे होते. वयाची तेरा वर्षे पुरी होण्याआधीच तिच्यावर मातृत्व आले. शाळाही पुढे अर्ध्यात सुटली. म्हणजे १९५६ मध्ये ती पहिली तबकडी गायली तेव्हा, एखाद्या बाईच्या उभ्या आयुष्याला पुरेल एवढे दुःख तिच्या पदरात आधीच पडलेले होते. दुःखानेच गळा पिकत असता, तर पहिलीच तबकडी परिपूर्ण व्हावयास हवी होती.

तशी ती झाली नाही. मधल्या सोळा वर्षांत दुःखे आणखी आली, हे खरे. पण दुसऱ्या तबकडीत जे नवीन आहे ते एकेक करून मोजता येते. रोजच्या गाण्याचा सराव. अपयशाची वर्षे टिकून काढल्याने आलेली पारख. पाठीशी उभा असलेला गुरू. तालमी केलेला समूह. जाणते वादक. आणि घाई न करता गाण्याचे धैर्य. यांतली एकही गोष्ट दुःखाने दिलेली नाही. या माणसांनी आणि मेहनतीने दिलेल्या गोष्टी आहेत. अल्पवयात पदरी आलेली मुले आजीने सांभाळली, म्हणून ती गात राहू शकली. त्या आजीचे नाव तबकडीवर नाही, पण तिचा वाटा मोठा आहे.

संत्र्या-मोसंबीची बाग असलेल्यांना हे लवकर पटेल. आंबिया बहार धरावयाचा तर आपण झाडाचे पाणी तोडतो, ताण देतो. ताणाने झाड फुलाची तयारी करते, हे खरे. पण ताण म्हणजे बहार नव्हे. ताण तोडताना आळी बांधून खत दिले, पाणी बेताबेताने सुरू केले, तरच ते फूल टिकते आणि फळ धरते. पाणी दिलेच नाही तर फूल गळते. ताण जास्त झाला तर झाडच जाते. बागेत फळे लगडल्यावर कोणी म्हणत नाही, की बघा, पाणी तोडल्यामुळे केवढी फळे आली. माणसांच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच म्हणतो.

शिवाय माणसाला ताण मुद्दाम द्यावा लागत नाही. तो येतोच. द्यावयाचे असते ते खत आणि पाणी. किती मुलींचा गळा, किती मुलांचा हात ताणातच वाळून गेला, त्याची नोंद कोठे होत नाही. ज्या एकीचे नाव झाले, तिच्याकडे बोट दाखवून आपण ताणाचे गुण गातो.

“ती गेलीच कोठे होती?”

दुसऱ्या तबकडीच्या वेळची एक गोष्ट घरातल्या वडीलमाणसांनी ऐकावी अशी आहे. दुसऱ्या रात्री पाळक फ्रँकलिन यांना बोलावयास उभे केले. लोक त्यांना म्हणत असत, की तुमची मुलगी चर्चमध्ये परत आली, बरे झाले. त्यांनी भरल्या सभेत सांगितले, की खरे विचाराल तर तिने चर्च कधी सोडलेच नव्हते.

मला या बोलण्याचे मोल फार वाटते. बारा वर्षे लोक त्यांच्या मुलीला नावे ठेवीत होते. बाप त्या लोकांच्या बाजूला गेला नाही. आपल्या घरांतली मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी, कलेसाठी शहरात जातात. गावी आली की आपण आधी हिशेब काढतो : किती दिवसांनी आलास, कपडे कसले घातलेस, बोलणे कसे बदलले. त्यांनी बाहेर जे मिळविले ते घरात आणावयाचे असेल तर दार उघडे लागते. ‘प्रेशस लॉर्ड’वर बांधलेले ते कलम बाहेरच्या फांदीचे होते. वडिलांनी दार लावून घेतले असते, तर ते कधी बांधलेच गेले नसते.

त्या ध्वनिमुद्रणानंतर दोनच आठवड्यांनी, २७ जानेवारी १९७२ रोजी, गॉस्पेलच्या सर्वांत थोर गायिका मानल्या गेलेल्या महालिया जॅक्सन वारल्या. फ्रँकलिन यांच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांत त्याही होत्या. त्यांच्या अंत्यविधीत ‘प्रेशस लॉर्ड’ गावयास अरीथाबाई उभ्या राहिल्या. चौदाव्या वर्षी जे गाणे देवापाशी हट्ट म्हणून म्हटले होते, ते आता शोकात बसलेल्या सभेला धीर देण्याच्या कामी आले.

चिठ्ठी न लावलेली पोती

या दोन रात्रींचे चित्रीकरणही झाले होते. दिग्दर्शक सिडनी पोलॅक हे नामांकित गृहस्थ. पण चित्रीकरण करताना प्रत्येक तुकड्याच्या आरंभी पाटी वाजवून खूण करावयाची असते, ती केली गेली नाही. त्यामुळे कोणते चित्र कोणत्या आवाजाचे, हे जुळेना, आणि तासन्‌तास चित्रफीत पडून राहिली. वाणाची चिठ्ठी न लावता बियाण्याची पोती एकात एक रचून ठेवली, की पेरणीच्या दिवशी जी गत होते तीच. पुढे नवी यंत्रे आल्यावर अॅलन इलियट यांनी हे जुळविण्याचे काम तडीस नेले. अरीथाबाईंनी २०११ आणि २०१५ मध्ये न्यायालयात जाऊन चित्रपटाला हरकत घेतली होती. त्यांच्या निधनानंतर घरच्यांच्या संमतीने नोव्हेंबर २०१८ मध्ये तो लोकांपुढे आला. गाणे झाल्यापासून शेहेचाळीस वर्षांनी. चार आण्याच्या चिठ्ठीचा आळस केवढ्याला पडतो, हे आम्ही खात्याची माणसे नेहमी सांगत असतो. त्याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

कसे ऐकावे

आता या दोन्ही तबकड्या मोबाइलवर ऐकता येतात. इंग्रजी समजत नाही म्हणून सोडू नये. रात्री कामे आटोपल्यावर घरातली सगळी मंडळी बसली असताना आधी १९५६ चे ‘नेव्हर ग्रो ओल्ड’ लावावे. खरखर आहे, ती सोसावी. मग लगेच १९७२ चे तेच गाणे लावावे. वेळ लागेल, पण मध्ये बंद करू नये. पहिल्यात मुलीचा आवाज कोठे चढतो ते पाहावे, आणि दुसऱ्यात बाई कोठे थांबतात ते पाहावे. दोन्हींतले कोणते आवडले हे मुलांना विचारावे. पहिलेच आवडले म्हणाली तरी हरकत नाही. त्या कोवळ्या आवाजात जे आहे ते दुसऱ्यात नाही, हेही खरेच आहे. पहिल्या पावसाचा मातीचा वास पुढच्या पावसाला येत नाही. पण वर्षाचे धान्य पुढच्या पावसांवरच पिकते.

आणि ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांना माझ्या अनुभवाप्रमाणे चार गोष्टी सांगतो. एक, शाळा सोडवू नये. गळा शाळेने बिघडत नाही. दोन, गावात किंवा जवळपास पेटी, तबला, भजन जाणणारे कोणी असेल तर त्यांच्याकडे नेमाने पाठवावे. वार ठरवून द्यावा. तीन, जत्रेत, लग्नात गावयास लावून मिळणाऱ्या पैशावर घरखर्च चालवू नये. कोवळ्या रोपाचे फळ तोडून विकले की झाड खुजे राहते. चार, मुलीच्या लग्नाची घाई करू नये. अठराच्या आत लग्न कायद्याने गुन्हा आहेच. पण अठरा झाली म्हणून दुसऱ्याच दिवशी मांडव घालावयाचा असेही काही नाही.

पारावर ज्या मुलीचा विषय निघाला होता, तिला पुन्हा शाळेत घालण्यासाठी सोबत येतो, असे मी त्या मंडळींना सांगितले आहे. आठवीला बसविताना वयाची अडचण येत नाही, शिक्षणाचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. अशी मुले आपापल्या गावांतही असतील. पेरणी संपली की गावोगाव थोडी उसंत मिळते. त्या आठवड्यात एकदा त्यांच्या घरी जाऊन यावे, एवढी विनंती.

पुढील अंकी तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी.